ट्रम्पेट कोणी वाजवलं?



मागच्या उन्हाळ्यात आपल्या रेडिओवर हळदीच्या गाण्यांचा कार्यक्रम झाला, तो तुमच्यापैकी पुष्कळजणींनी ऐकला असेल. गाणाऱ्या आपल्या बचत गटांच्या बाया होत्या आणि साथीला मूर्तिजापूरकडचे एक बँडवाले बाबा होते. वय ऐंशीच्या घरात, पण ट्रम्पेट तोंडाला लावलं की आमची खोली पुरेना. शेवटी त्यांना बाहेर कडुनिंबाखाली बसवलं आणि माईक दारात ठेवला. गाणी संपल्यावर त्यांनी आपल्या मनानं 'अलबेला' सिनेमातली एक चाल वाजवली. म्हणाले, "भगवानदादा आपल्या अमरावतीचे ना!" मी विचारलं, "बाबा, सिनेमात ट्रम्पेट कोणी वाजवलं?" ते हसले. "कोन सांगन? आमचं नाव त लग्नाच्या पत्रिकेतबी नसते, पोरी."

दिवाळीनंतर बाबा गेले. प्रश्न मात्र माझ्याजवळ राहिला. त्याच्या मागं लागून जे हाती आलं, ते आज सांगते.

भगवान आबाजी पालव यांचा जन्म १९१३ साली अमरावतीत झाला. वाढले ते मुंबईत. 'अलबेला' १९५१ चा. दिग्दर्शक तेच, नायकही तेच, सोबत गीता बाली. संगीत सी. रामचंद्र यांचं, म्हणजे पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचं. या चितळकरांचे सहायक होते चिक चॉकलेट नावाचे ट्रम्पेटवादक. खरं नाव अंतोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६, गाव गोव्यातलं हळदोणे. मुंबईत त्यांना 'हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग' म्हणत. आर्मस्ट्राँग म्हणजे अमेरिकेतले कृष्णवर्णीय ट्रम्पेटवादक, जॅझमधलं फार मोठं नाव. 'अलबेला'तल्या 'दीवाना परवाना' या गाण्यात चिक आणि त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. आपण बघतो भगवानदादांचा नाच. मागं वाजवणाऱ्यांकडे कोण बघतं?

जॅझ हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत. ज्यांच्या वाडवडिलांना गुलाम म्हणून राबवलं, त्यांनी न्यू ऑर्लिन्स शहरात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते घडवलं. चाल ठरलेली असते, पण वाजवणारा आपली पाळी आली की ती आपल्या मनानं फिरवतो. जात्यावर बसलेली आपली आजी ठरल्या चालीत स्वतःचं दुखणं घालायची, तसंच काहीसं.

१९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. गोव्याची पोरं चर्चच्या शाळांत नोटेशन वाचायला शिकलेली होती. त्यांनी हे संगीत लवकर उचललं आणि हॉटेलांत, क्लबांत त्यांचे बँड वाजू लागले.

पुढे १९४७ नंतर इंग्रज गेले आणि १९४९ च्या कायद्यानं मुंबई राज्यात दारूबंदी आली. हॉटेलांतले कार्यक्रम रोडावले. आपण 'उभी बाटली, आडवी बाटली'च्या मतदानाला रांगा लावणाऱ्या बाया आहोत. दारूबंदी आपल्याला हवीच. पण त्या बंदीनं काही वाजवणाऱ्यांची रोजीही गेली, हे आपण विसरू नये. सिनेमात काम मिळत होतं, म्हणून बरेच जण तिकडे वळले. संगीतकार चाल गाऊन दाखवायचे आणि गोव्याचे अरेंजर ती एकेका वाद्यासाठी कागदावर लिहून काढायचे. फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यातली मोठी नावं. 'अमर अकबर अँथनी'तल्या अमिताभच्या गाण्यातलं नाव ऐकलंय ना? संगीतकार प्यारेलाल यांनी त्यातून आपल्या व्हायोलिनच्या गुरूंना मान दिला. बाकी शेकडो वादकांची नावं पडद्यावरच्या पाटीवर आलीच नाहीत.

चिक चॉकलेट १९६७ मध्ये, पन्नाशी गाठली तोच वारले. मागं उरलेल्यांपैकी कित्येकांकडे ग्रेगरी बूथ नावाचे अभ्यासक गेले, म्हातारपणी त्यांच्या तोंडून हकिकती लिहून घेतल्या आणि २००८ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. तोवर अनेकजण गेलेले होते.

यात बाया कुठं होत्या? एकीचं सांगते. लॉर्ना कोर्देरो, जन्म १९४६, मुंबईची गोवेकर मुलगी. किशोरवयातच त्या ख्रिस पेरी यांच्या बँडमध्ये गाऊ लागल्या. पेरी ट्रम्पेट वाजवत, सॅक्सोफोन वाजवत आणि चालीही बांधत. त्यांनी जॅझचा ताल कोकणी गाण्यात आणला. 'बेबदो' हे त्यांचं गाजलेलं गाणं. बेबदो म्हणजे बेवडा. आजही गोव्यात लग्नाला ही गाणी वाजतात. पण १९७० नंतर थोड्याच वर्षांत लॉर्नांचं गाणं थांबलं आणि वीस वर्षांहून अधिक काळ थांबलेलंच राहिलं. १९९५ मध्ये रॉनी मोन्सेरात या संगीतकारानं त्यांना पुन्हा माईकपुढं आणलं. रॉनी स्वतः ट्रम्पेटवादक पीटर मोन्सेरात यांचे चिरंजीव, म्हणजे या बँडवाल्यांच्याच घरातले. 'हॅलो लॉर्ना' नावाची कॅसेट निघाली. तेव्हा त्या पन्नाशीला टेकल्या होत्या. लोक विसरले असतील, असं कुणाला वाटलं असेल तर ते खोटं ठरलं. पेरी २००२ मध्ये गेले. पुढे या दोघांच्या आयुष्यावरून 'नाचोंया कुंपासार' हा कोकणी सिनेमा निघाला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

कुणीतरी पुन्हा दार वाजवलं, म्हणून तो आवाज परत मिळाला.

आता माझी चूक सांगते. बाबांशी आम्ही त्या दिवशी तासभर बोललो होतो. ट्रम्पेट कोणी शिकवलं, पहिला बँड कोणाचा, लग्नसराईत ते चार-चार महिने बाहेर असताना घरी त्यांच्या बायकोनं कसं निभावलं, सगळं त्यांनी सांगितलं. कार्यक्रम होता अर्ध्या तासाचा. गाणी ठेवली, बोलणं कापलं आणि कॉम्प्युटरवर जागा हवी म्हणून मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकलं. कापलं ते मीच, पुसलं तेही मीच. बाबांचा मुलगा तेराव्यानंतर आला आणि म्हणाला, "ताई, आमच्या बाबाच्या गुरूचं नाव त्यात आहे काय?" माझ्याकडे बारा मिनिटं गाणं होतं. नाव नव्हतं. सिनेमाच्या पाटीनं जे केलं, तेच मी केलं.

म्हणून या महिन्याच्या बैठकीत हप्त्याची वही मिटली की एक काम करायचं. गावातल्या एका म्हाताऱ्या माणसाजवळ, बाई असो की बाप्या, फोन सुरू करून बसायचं. बँडवाला, सुईण, भुलाबाईची गाणी येणारी आजी, कोणीही चालेल. त्यांना विचारायचं: तुमचं पूर्ण नाव काय, कोणी शिकवलं, सोबत कोण होतं, आणि तुम्ही कामावर असताना घर कोणी सांभाळलं? रेडिओवर लागेल न लागेल, पण काहीही पुसायचं नाही. जागा कमी पडली तर मला फोन करा.