नऊ हजार ओळींची पोथी

माझ्या कपाटात स्पायरल बाइंडिंग केलेलं एक बाड आहे. एम.टेक.ला असताना ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑपरेटिंग सिस्टिम्स’च्या पहिल्याच तासाला सरांनी ते छापून आणायला सांगितलं होतं. आत धडा नाही, स्वाध्याय नाही, नुसता प्रोग्राम. दर पानावर दोन रकाने, दर रकान्यात पन्नास ओळी आणि प्रत्येक ओळीच्या डावीकडे चार आकडी क्रमांक. पानाला बरोबर शंभर ओळी, म्हणून क्रमांकाचे पहिले दोन आकडे म्हणजेच पानाचा नंबर. सर ‘तेवीसशे साठ काढा’ म्हणाले की सगळा वर्ग तेविसावं पान उलटायचा. पारायणात ओवी जशी क्रमांकाने सापडते, तशी ओळ सापडायची.

त्या बाडातल्या ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव एक्सव्ही६. ती अमेरिकेतल्या एमआयटीत लिहिली गेली एवढं तेव्हा ठाऊक होतं. पण ओळींना असे क्रमांक घालून अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम कागदावर वाचायची, ही रीत एमआयटीची नव्हे. ती ऑस्ट्रेलियातल्या एका मास्तरांची, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

१९६९ साली बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली. बेल लॅब्ज ही एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा. या कंपनीला १९५६ च्या एका कायदेशीर तडजोडीमुळे टेलिफोनखेरीज दुसरा धंदा करायची मुभा नव्हती. त्यामुळे युनिक्स बाजारात न येता विद्यापीठांना अल्प मोबदल्यात, सोर्स कोडसकट मिळू लागली. १९७४ च्या जुलैमध्ये थॉम्पसन आणि रिची यांचा युनिक्सवरचा लेख प्रसिद्ध झाला. तो जगभर वाचला गेला आणि लवकरच सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातही युनिक्स पोहोचली. तिथे जॉन लायन्स ऑपरेटिंग सिस्टिम शिकवत होते.

लायन्स यांची तक्रार साधी होती. विद्यार्थी कॉलेजात जे प्रोग्राम पाहतात ते चार-दोन पानांचे, आणि तेही बहुधा स्वतःच लिहिलेले. नावाजलेल्या हाताने लिहिलेला, खरोखर वापरात असलेला मोठा प्रोग्राम अथपासून इतिपर्यंत कुणी वाचतच नाही. लिहायला शिकायचं तर आधी वाचायला हवं, हे भाषेच्या बाबतीत आपण सहज मान्य करतो. प्रोग्रामिंगमध्ये ते कुणाच्या ध्यानातच येत नव्हतं. १९७५ साली युनिक्सची सहावी आवृत्ती आली. तिचं कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, होतं सुमारे ९,००० ओळींचं. एका माणसाला एका सत्रात पेलेल एवढंच.

लायन्स यांनी तो सगळा कोड हाती घेतला, फायली शिकवण्याच्या क्रमाने लावल्या, त्यांचे पाच भाग पाडले, ओळींना सलग क्रमांक घातले आणि छापलं. हे झालं पहिलं पुस्तक. दुसरं पुस्तक म्हणजे त्यावरचं भाष्य. अमुक ओळीत काय घडतं, ते इथेच का घडतं, हे वगळलं तर काय बिघडेल. मूळ संहिता एका बाजूला, टीका दुसऱ्या बाजूला. आपल्याकडे शेकडो वर्षं ग्रंथ असेच वाचले गेले आहेत, त्यामुळे मला या जोडीचं नवल वाटलं नाही; नवल वाटलं ते इतर कुणाला हे आधी सुचलं नाही याचं. हे घडलं १९७६-७७ मध्ये, वर्गापुरत्या नोट्स म्हणून.

या संहितेतली २२३८ वी ओळ जगप्रसिद्ध आहे. एका प्रोसेसकडून दुसरीकडे ताबा जातो त्या जागी मूळ लेखकांनी एक शेरा लिहिला होता: हे तुम्हाला समजावं अशी अपेक्षा नाही. पुढे अनेकांनी ही मिजास मानली. रिची यांनी नंतर खुलासा केला, की ‘हे परीक्षेला येणार नाही’ अशा अर्थाने ते लिहिलं होतं. आणि खरी अडचण ही, की तिथे काय चाललंय ते आम्हालाही नीट कळलं नव्हतं. एवढ्या मोठ्या माणसाने इतकं सरळ बोलावं, याचा मला आजही धीर वाटतो.

तिथली गोम काय, ते माझ्या बाडात पाहता येतं. एक्सव्ही६ मध्ये हेच काम ‘स्विच’ नावाचा छोटासा तुकडा करतो. अवघ्या १३ सूचना. पहिल्या दोन सूचना कुणाकडून कुणाकडे जायचं ते घेतात. पुढच्या चार सूचना चार रजिस्टरांमधला ऐवज चालू प्रोसेसच्या स्टॅकवर ठेवतात. मग दोन सूचना: हा स्टॅक कुठे ठेवला त्याची नोंद करा, आणि दुसरा स्टॅक हाती घ्या. मग चार सूचना रजिस्टरं परत भरतात. शेवटची सूचना परत जाण्याची. पण परत कुठे? ज्याने हाक मारली त्याच्याकडे नाही. मधल्या मध्ये स्टॅकच बदलला, म्हणून वाट निघते ती पूर्वी कधीतरी अशीच हाक मारून थांबलेल्या दुसऱ्याच कुणाच्या दारात. आत शिरतो एक, बाहेर पडतो दुसरा. पहिल्या वाचनात मला हे उमगलं नाही. दोन स्टॅक वहीत पेन्सिलीने काढले, प्रत्येक सूचनेला बाण ओढला, तेव्हा रात्री दीडच्या सुमारास लख्ख दिसलं. ती वही अजून बाडातच आहे.

लायन्स यांची पुस्तकं बेल लॅब्जलाही इतकी पसंत पडली, की त्यांचं वितरण त्यांनी आपल्याकडेच घेतलं. पण १९७९ मध्ये सातवी आवृत्ती आली आणि तिच्या परवान्यात वर्गात सोर्स कोड शिकवायला मनाई झाली. युनिक्सचं मोल आता कंपनीला कळलं होतं. लायन्सचं पुस्तक उघडपणे मिळेनासं झालं आणि त्याचा झेरॉक्सचा प्रवास सुरू झाला. झेरॉक्सची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स. अक्षरं पुसट होत गेली तरी माणसं ते जपून ठेवत. छापखाना यायच्या आधी पोथ्या अशाच नकलून फिरत. उजळ माथ्याने पुस्तक छापलं गेलं ते १९९६ साली, युनिक्सचे हक्क तेव्हा ज्यांच्याकडे होते त्या सांताक्रूझ ऑपरेशन कंपनीच्या संमतीने. दोनच वर्षांनी, १९९८ मध्ये, लायन्स गेले.

मनाईची झळ अ‍ॅमस्टरडॅमच्या अँड्र्यू टॅनेनबॉम यांनाही बसली. कोड दाखवायचा नसेल तर ऑपरेटिंग सिस्टिम शिकवायची कशी? मग त्यांनी स्वतःच एक लिहिली, मिनिक्स, आणि १९८७ मध्ये ती पाठ्यपुस्तकातच छापली. ते पुस्तक हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने वाचलं आणि १९९१ मध्ये लिनक्स जन्मली. पुढे दोघांचा जाहीर वाद झाला तो वेगळा. पण लिनक्सच्या मुळाशी वर्गातलंच एक पुस्तक आहे, हे विसरू नये.

एमआयटीत २००२ साली नवा अभ्यासक्रम सुरू झाला तेव्हा फ्रान्स काशूक आणि रॉबर्ट मॉरिस यांनी थेट लायन्सचंच पुस्तक वर्गात आणलं. याच मॉरिस यांनी विद्यार्थी असताना १९८८ मध्ये सोडलेल्या वर्ममुळे, म्हणजे आपोआप पसरणाऱ्या प्रोग्राममुळे, इंटरनेटचा काही भाग ठप्प झाला होता. त्यांचे वडील बेल लॅब्जमध्ये युनिक्सवर काम केलेले. गोत्र एकच म्हणायचं. पण मुलं कुरकुरू लागली: सहावी आवृत्ती ज्यावर चालायची ते पीडीपी-११ हे कधीच मोडीत निघालेलं यंत्र आम्ही का शिकायचं? प्रात्यक्षिकं एका यंत्रावर, वाचन दुसऱ्याच. शिवाय जुन्या युनिक्सला एकाच वेळी अनेक प्रोसेसर हाकता येत नव्हते. म्हणून २००६ च्या उन्हाळ्यात सहावी आवृत्ती आजच्या सी भाषेत, आजच्या यंत्रांसाठी नव्याने लिहिली गेली. नावातला ‘व्ही६’ तिथला. रस कॉक्स यांचाही तिच्यात हात होता. छापील बाडातले शंभर ओळींचे ताव हे उघडउघड लायन्सना केलेलं वंदन. २०१९ पासून एक्सव्ही६ रिस्क-फाइव्ह प्रोसेसरवर गेली, तिथे स्विच चारऐवजी १४ रजिस्टरं जपतो, खुबी तीच.

पवईच्या आयआयटी मुंबईत मैथिली वुटुकुरू यांनी ऑपरेटिंग सिस्टिम शिकवताना एक्सव्ही६ चाच आधार घेतला. आणि सिडनीच्या विद्यापीठाने लायन्स यांच्या नावाने प्राध्यापकपद निर्माण केलं. त्यावर गेर्नॉट हायजर आले. त्यांच्या चमूने २००९ मध्ये एसईएल४ नावाच्या कर्नेलची प्रत्येक ओळ ठरल्याप्रमाणेच वागते, हे गणिताने सिद्ध केलं. सी भाषेतल्या त्या ओळी होत्या सुमारे ८,७००. कोणे एके काळी लिहिणाऱ्यांनाही न कळलेल्या ओळीपासून इथवर, आणि तेही लायन्स यांच्याच गावात.

तेव्हा यंदा ज्यांनी एम.टेक.ला हा विषय घेतला असेल, त्यांना माझी कळकळीची विनंती. स्लाइड पाहून, मागच्या प्रश्नपत्रिका सोडवून गुण मिळतील. तेवढ्यावर थांबू नका. एक्सव्ही६ चा कोड फुकट मिळतो. तो छापून घ्या, बांधून घ्या आणि आधी स्विच काढा. शेजारी कोरी वही आणि पेन्सिल ठेवा.