खर्चाच्या वहीत न दिसणारी माणसं

आज एका आकड्यापासून सुरुवात करते: ४.५ टक्के.

२०२३ साली ब्रिटिश संसदेची लोकलेखा समिती सरकारच्या डिजिटल कारभाराची झाडाझडती घेत होती. त्यात हा आकडा पुढे आला. ब्रिटिश सरकारी नोकरीतल्या दर शंभर माणसांमागे साधारण साडेचार माणसं डिजिटल कामं करणारी, म्हणजे प्रोग्रॅमर, डेटा सांभाळणारे, सायबर सुरक्षा बघणारे वगैरे. बाहेरच्या उद्योगांत हेच प्रमाण ८ ते १२ टक्के. म्हणजे कर, पेन्शन, पासपोर्ट, वाहन परवाने असं सगळं संगणकावर चालवणाऱ्या सरकारकडे संगणक समजणारी माणसं खाजगी कंपन्यांच्या जेमतेम निम्मी.

मी मूळची संख्याशास्त्राची. त्यामुळे आकडा दिसला की पहिला प्रश्न पडतो, हे मोजलं कुणी आणि का? लोकलेखा समितीचं काम पैशांचा हिशेब तपासण्याचं. ती माणसं कधीपासून मोजायला लागली? आणि मोजायचीच होती, तर एवढा उशीर का झाला? माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण याच प्रश्नाभोवती फिरतं. त्यातला मुख्य धागा इथे सोपा करून सांगते.

आधी वही नीट लावा

ही समिती १८६१ सालची. तेव्हाचे अर्थमंत्री ग्लॅडस्टन यांनी ती नेमली. त्याआधी संसद खर्चाला मंजुरी द्यायची, पण तो पैसा मंजूर केलेल्या कामावरच गेला का, हे तपासायची नीट सोयच नव्हती. १८६६ च्या कायद्यानं साखळी पूर्ण केली. खात्यानं दरवर्षी हिशेब द्यायचा, नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी तो तपासायचा, त्यांचा अहवाल समितीपुढे जायचा आणि समितीनं खात्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्याला समोर बसवून जाब विचारायचा. मंत्र्याला नाही, अधिकाऱ्याला. समितीचा अध्यक्ष विरोधी पक्षाचा, हा संकेतही हळूहळू पक्का झाला.

ही व्यवस्था भारी आहे, यात शंका नाही. १९६४ साली लेखापरीक्षकांनी फेरांटी या कंपनीचं प्रकरण उघडकीला आणलं. ब्लडहाउंड नावाच्या क्षेपणास्त्राच्या कंत्राटात कंपनीनं वाजवीपेक्षा फारच जास्त नफा काढला होता. शेवटी तिला ४२.५ लाख पौंड सरकारला परत करावे लागले. कागदावरचे आकडे ताडून पाहणं, किंमत आणि खर्च यांतली तफावत पकडणं, यात हे लोक पटाईत होते.

पण या व्यवस्थेत दोन गोष्टी मुळातच होत्या. एक म्हणजे ती खर्च झाल्यानंतर जागी होते, वरातीमागून घोडं. आणि दुसरी, तिला पैसा दिसतो, कौशल्य दिसत नाही. एखाद्या खात्यात वीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस निघून गेला, तर वहीत त्याची नोंद 'पगार वाचला' अशी होते. जे गमावलं त्यासाठी रकानाच नाही.

ज्यांच्यासाठी रकाना नव्हता

हे सरकार पहिल्यापासूनच संगणकात मागे होतं असं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटन या क्षेत्रात आघाडीवर होता, आणि सरकारी खात्यांतली गणनयंत्रं, पंचकार्डची यंत्रं आणि पुढे सुरुवातीचे संगणक चालवण्याचं काम मुख्यतः बायकाच करत होत्या.

इतिहासकार मार हिक्स यांनी 'प्रोग्रॅम्ड इनइक्वॅलिटी' या २०१७ च्या पुस्तकात याचा सविस्तर मागोवा घेतला आहे. १९५५ साली ब्रिटिश सरकारनं आपल्या नोकरीत स्त्री-पुरुषांना समान वेतन द्यायचं मान्य केलं, १९६१ पर्यंत टप्प्याटप्प्यानं. पण यंत्रं चालवणाऱ्या श्रेणी त्यातून वगळल्या. कारण काय? तर त्या श्रेणीत सगळ्या बायकाच आहेत, मग समान वेतन द्यायचं कुणाच्या बरोबरीनं? बायकांना मिळणारा पगार हाच त्या कामाचा 'बाजारभाव' ठरला.

पुढे संगणक म्हणजे सत्ता, हे वरच्यांच्या लक्षात आलं. मग या कामासाठी अधिकारी वर्गातल्या तरुण पुरुषांची निवड व्हायला लागली. बऱ्याचदा त्यांना शिकवायचं काम त्याच अनुभवी बायकांकडे, आणि शिकवून झाल्यावर साहेब तो. या पुरुषांपैकी अनेकांना संगणक ही बढतीच्या वाटेवरची एक पायरी वाटत होती. संधी मिळताच ते दुसरीकडे जात. बायकांना वर जायची वाट नाही आणि पुरुषांना तिथे थांबायची इच्छा नाही. सरकारनं स्वतःच तयार केलेलं कौशल्य असं गळत राहिलं.

आता लेखापरीक्षकाच्या नजरेनं बघा. यात गैरव्यवहार नाही, जादा खर्च नाही. उलट पगार कमी दिल्यानं बचतच दिसते.

डोकी कमी करा

१९७९ साली मार्गारेट थॅचर सत्तेवर आल्या तेव्हा ब्रिटनमध्ये सुमारे ७ लाख ३२ हजार केंद्रीय सरकारी कर्मचारी होते. १९८४ पर्यंत ही संख्या ६ लाख ३० हजारांवर आणायचं लक्ष्य ठरलं. इथून पुढे 'किती डोकी कमी केली' हा कार्यक्षमतेचा पुरावा झाला.

त्याच काळात संसदेची तपासणी जास्त धारदार झाली, हे मुद्दाम सांगायला हवं. १९८३ च्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कायद्यानं नॅशनल ऑडिट ऑफिस स्थापन झालं. आता फक्त 'पैसा कुठे गेला' एवढंच नाही, तर 'पैशाचा मोबदला मिळाला का' हेही विचारायचा अधिकार कायद्यानं मिळाला.

पण खात्यांनी वाट शोधलीच. कायम कर्मचारी नेमला की तो डोक्यांच्या गणतीत येतो आणि त्याच्या पगारावर मर्यादा असते. तेच काम कंत्राटदाराला दिलं की डोकं गणतीतून जातं आणि खर्च प्रकल्पाच्या खात्यात पडतो. काम तेच, कदाचित माणूसही तोच, फक्त वहीतली जागा वेगळी.

याचं ठळक उदाहरण १९९४ चं. ब्रिटनच्या आयकर खात्यानं आपलं संगणकाचं सगळं काम ईडीएस या अमेरिकन कंपनीला दहा वर्षांसाठी दिलं. नुसती यंत्रं नाही, ती चालवणारे कर्मचारीही कंपनीकडे गेले. २००३ साली नवी करसवलत योजना सुरू झाली, तेव्हा ईडीएसची प्रणाली कोलमडली आणि लाखो कुटुंबांचे पैसे वेळेवर पोचले नाहीत. ही कुटुंबं कमी उत्पन्नाची, महिन्याचं गणित याच पैशावर बसवलेली. नंतर कंपनीनं तडजोड म्हणून ७ कोटी १२ लाख ५० हजार पौंड द्यायचं कबूल केलं. २००४ पासून हे काम दुसऱ्या कंपन्यांच्या गटाकडे, 'ॲस्पायर' नावाच्या कंत्राटाखाली गेलं. नॅशनल ऑडिट ऑफिसच्या हिशेबानुसार मार्च २०१४ पर्यंत त्यावर ७.९ अब्ज पौंड खर्च झाले.

आपल्याकडे म्हणतात, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. इथे नेमकं उलटं झालं. पैसा होता, सोंग कौशल्याचं होतं. समोरची कंपनी जे सांगते ते बरोबर की चूक, किंमत वाजवी की अवाच्या सवा, हे ओळखणारं कुणी खात्यात उरलंच नसेल, तर कंत्राटावर सही करणारा अधिकारी फक्त विश्वासावर सही करतो.

समिती रागावते, पुन्हा रागावते

यानंतरचे समितीचे अहवाल ओळीनं वाचले की एक विचित्र भावना येते. दर वेळी खातं वेगळं, आकडा वेगळा, पण निष्कर्ष जवळपास तेच. आरोग्यसेवेचा महाप्रचंड संगणकीकरण प्रकल्प २००२ मध्ये सुरू झाला. मार्च २०११ पर्यंत त्यावर ६.४ अब्ज पौंड खर्च झाले आणि त्याच वर्षी तो मोडीत काढायची घोषणा झाली. २०१३ मध्ये 'युनिव्हर्सल क्रेडिट' या भत्ता योजनेसाठी बनवलेल्या संगणक प्रणालीपैकी ३.४ कोटी पौंडांचं काम निकालात काढावं लागल्याचं उघड झालं. समितीनं प्रत्येक वेळी अधिकाऱ्यांना धारेवर धरलं. तोपर्यंत अनेकदा प्रकल्पाचा प्रमुख बदललेला असायचा. म्हणजे उत्तर देणारा एक आणि निर्णय घेणारा भलताच.

प्रश्नाची दिशा वळायला लागली ती २०११ च्या आसपास. त्या वर्षी संसदेच्या लोकप्रशासन समितीनं सरकारच्या संगणक खरेदीवर जळजळीत अहवाल दिला. त्यातला माझ्या दृष्टीनं सर्वात महत्त्वाचा मुद्दा पैशांचा नव्हताच. सरकारनं आतली कौशल्यं गमावली आहेत, म्हणून त्याला शहाणपणानं खरेदीही करता येत नाही, असा तो मुद्दा होता. त्याच वर्षी 'गव्हर्नमेंट डिजिटल सर्व्हिस' हा सरकारी गट उभा राहिला. त्यात प्रोग्रॅमर आणि डिझायनर सरकारचे स्वतःचे होते.

सगळं एकदम सुरळीत झालं असं नाही. २०१५ मध्ये शेतकऱ्यांच्या अनुदानाची नवी ऑनलाइन व्यवस्था इतकी अडखळली की शेतकऱ्यांना पुन्हा कागदी अर्ज भरायला सांगावं लागलं. डिजिटल गट आणि खातं यांच्यातल्या भांडणावरून समितीनं दोघांनाही झापलं. आतली माणसं असली की काम होतंच, असा सोपा धडा इथे नाही.

पण युनिव्हर्सल क्रेडिटचं पुढे काय झालं बघा. जुनं काम फसल्यावर खात्यानं स्वतःच्या लोकांकडून नवी प्रणाली बांधायला घेतली. १६ ते ३१ मार्च २०२० या कोविडच्या पहिल्या पंधरवड्यात साडेनऊ लाखांच्या आसपास अर्ज आले. एरवी तेवढ्या दिवसांत लाखभर येतात. ऑनलाइन रांगा लागल्या, फोन लागेनात, पण यंत्रणा बंद पडली नाही. त्या योजनेच्या अटींबद्दल आणि पहिल्या हप्त्यासाठी थांबाव्या लागणाऱ्या पाच आठवड्यांबद्दल टीका झाली, ती वेगळी आणि रास्तच. मी फक्त यंत्रणेबद्दल बोलतेय. न पडलेल्या यंत्रणेचा हिशेब कुठल्या रकान्यात मांडायचा?

प्रश्न बदलला की वही बदलते

म्हणून मला ते ४.५ टक्के महत्त्वाचे वाटतात. दीडशेहून जास्त वर्षं 'किती खर्च केला' विचारणारी समिती आता 'हे काम कळणारं तुमच्याकडे कोण आहे' असं विचारतेय. जानेवारी २०२५ मध्ये नॅशनल ऑडिट ऑफिसनं सांगितलं की २०२३-२४ मध्ये सरकारातल्या सायबर सुरक्षेच्या दर तीन पदांपैकी एक रिकामं होतं किंवा तात्पुरत्या माणसानं भरलेलं होतं. त्याच महिन्यात सरकारनं स्वतःच्या आढाव्यात मान्य केलं की कंत्राटी तज्ज्ञ कायम कर्मचाऱ्यापेक्षा सरासरी तिपटीनं महाग पडतो. डोकी कमी करून झालेली 'बचत' किती महागात पडली, ते असं हळूहळू वहीत उमटायला लागलंय.

आता आपल्याकडे. भारतातली लोकलेखा समिती याच ब्रिटिश साच्यातून १९२१ मध्ये आली. तेव्हा तिचा अध्यक्ष सरकारचाच अर्थसदस्य असायचा. अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा १९६७ पासूनची. महाराष्ट्राच्या विधिमंडळातही अशीच समिती आहे. साचा आला तसे त्याचे गुण आले, आणि न दिसणारे कोपरेही आले. 'कॅग'च्या अहवालाची बातमी आली की आपण कोटींचा आकडा वाचतो, चरफडतो आणि पान उलटतो.

पुढच्या वेळी एखाद्या बंद पडलेल्या सरकारी पोर्टलबद्दल असं काही वाचलंत, तर आकड्याच्या जोडीला एक प्रश्न नक्की विचारा. उद्या कंत्राटदार निघून गेला, तर ही यंत्रणा कशी चालते ते त्या खात्यात कुणाला सांगता येईल? उत्तर 'कुणालाच नाही' असेल, तर नुकसान अहवालातल्या आकड्यावर थांबलेलं नाही. ते अजून चालू आहे.