पंधरावा क्लब

२२ जुलै २००१. इंग्लंडच्या लँकेशर किनाऱ्यावर, रॉयल लिदम या मैदानावर ब्रिटिश ओपन स्पर्धेची शेवटची फेरी सुरू झाली तेव्हा चार खेळाडू बरोबरीने आघाडीवर होते. त्यांपैकी वेल्सचा इयन वूझनम याने पहिल्याच होलवर चेंडू भोकाच्या अगदी जवळ टाकला आणि अपेक्षित तीनऐवजी दोनच फटक्यांत काम भागवले. दुसऱ्या होलला सुरुवात करायची, तोच त्याच्या कॅडीच्या लक्षात आले की पिशवीत चौदाऐवजी पंधरा क्लब आहेत. सरावाच्या वेळी वूझनम दोन ड्रायव्हर आलटून पालटून मारून पाहत होता. त्यांतला एक काढून ठेवायचा राहून गेला होता. पहिला होल छोटा, तिथे ड्रायव्हर लागतच नाही. म्हणून तोवर कोणाच्या ध्यानात आले नाही. दंड झाला दोन फटक्यांचा. वूझनम शेवटी २७८ फटक्यांवर तिसऱ्या क्रमांकाच्या घोळक्यात राहिला. दोन फटके वजा केले तर २७६, म्हणजे एकट्याचा दुसरा क्रमांक.

एक जास्तीची काठी पिशवीत राहिली तर एवढे काय बिघडले, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. प्रश्न रास्त आहे. गोल्फ आपल्या शाळांमध्ये खेळला जात नाही. पुण्यात येरवड्याला किंवा मुंबईत चेंबूरला आपण तो फार तर कुंपणाबाहेरून पाहिलेला असतो. तरीही या प्रश्नाचे उत्तर शोधताना नववी-दहावीचे बरेचसे भौतिकशास्त्र हाताला लागते, म्हणून आम्ही हा विषय इथे घेतला आहे.

गोल्फच्या काठीला क्लब म्हणतात. क्लबांमध्ये मुख्य फरक दोन. एक दांड्याच्या लांबीचा, दुसरा चेंडूला टेकणारी बाजू मागे किती कललेली आहे याचा. या कलाला लॉफ्ट म्हणतात. ड्रायव्हर हा सर्वांत लांब क्लब. त्याची लांबी साधारण ४५ इंच आणि लॉफ्ट १० अंशांच्या आसपास. दांडा लांब म्हणून त्याचे टोक जास्त वेगाने फिरते, आणि कल कमी म्हणून चेंडू वर कमी व पुढे जास्त जातो. पिशवी भरताना पटर एक, जवळच्या उंच फटक्यांसाठी वेज तीन आणि पाच ते नऊ नंबरचे आयर्न पाच, असे नऊ क्लब बहुतेक खेळाडू डोळे झाकून घेतात. वाद उरतो तो लांब पल्ल्याच्या पाच जागांचा.

ही चौदाची मर्यादा पूर्वी नव्हती. चिक इव्हान्स या खेळाडूने १९१६ साली अमेरिकन ओपन स्पर्धा जिंकली ती अवघ्या सात क्लबांवर, आणि त्याचा २८६ फटक्यांचा विक्रम वीस वर्षे टिकला. त्या काळी दांडे हिकरी नावाच्या अमेरिकन झाडाच्या लाकडाचे असत. लाकूडच ते, त्यामुळे दोन दांडे कधी सारखे निघत नसत. खेळाडू आपल्या मोजक्या क्लबांचा स्वभाव ओळखून असे आणि एकाच क्लबने पूर्ण, पाऊण, अर्धा असे निरनिराळे फटके काढी. १९२० च्या दशकात अमेरिकेत आणि १९२९ साली ब्रिटनमध्ये पोलादी दांड्यांना मान्यता मिळाली. पोलादी नळ्या कारखान्यातून एकसारख्या निघतात. ब्रॅसी, स्पून, मॅशी, निब्लिक अशी जुनी गमतीची नावे मागे पडून क्लबांना क्रमांक आले, आणि प्रत्येक अंतराला एक स्वतंत्र क्लब घ्यावा ही कल्पना रुजली. लॉसन लिटल हा १९३४ आणि १९३५ चा हौशी विजेता तर पंचवीसहून अधिक क्लब बाळगत असे. (ती पिशवी खांद्यावर वाहणाऱ्या कॅडीचे मत इतिहासात फारसे नोंदलेले नाही!) अखेर अमेरिकन संघटनेने १९३८ पासून आणि ब्रिटिश संघटनेने १९३९ पासून चौदाची मर्यादा घातली. फटका मारण्याचे कौशल्य दुकानातून विकत घेता येऊ नये, हा त्यामागचा मुख्य विचार. आम्हाला हा नियम शहाणपणाचा वाटतो. सगळे काही बरोबर नेता येत नाही म्हटले की विचार करणे भाग पडते.

आता विज्ञानाकडे वळू. चेंडू नुसता हवेत भिरकावला, तर हवेचा विरोध सोडून दिल्यास, ४५ अंशांच्या कोनात तो सर्वांत दूर जातो, हे आपण वर्गात शिकवतो. मग १० अंशांचा ड्रायव्हर सर्वांत दूर कसा नेतो? याचे उत्तर एडिंबरो विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक पीटर गथ्री टेट यांनी १८९० च्या दशकात शोधले. त्यांचा मुलगा फ्रेडी हा १८९६ आणि १८९८ चा हौशी विजेता, तेव्हा घरातच प्रयोगाला माणूस होता. टेट यांचा एक प्रयोग तर फारच सोपा. चेंडूला एका लांब फितीचे टोक चिकटवायचे, दुसरे टोक जमिनीला पक्के करायचे, आणि चांगल्या खेळाडूला तो चेंडू हातभर अंतरावरच्या चिकणमातीच्या भिंतीत मारायला सांगायचे. मग फितीला किती पीळ पडले ते मोजायचे. पीळ पडलेले असतच. म्हणजे चेंडू नुसता पुढे जात नव्हता, तो स्वतःभोवती उलटा फिरत होता. ही उलटी फिरकी चेंडूच्या वरच्या बाजूची हवा वेगाने मागे नेते, प्रवाह खाली वळतो आणि चेंडूला वर उचलणारे बल मिळते. क्रिकेटमध्ये फिरकी गोलंदाजाचा चेंडू हवेत वळतो, त्यामागचे कारण हेच.

हे उचलणारे बल चेंडूच्या वेगावर आणि फिरकीवर, दोन्हींवर अवलंबून असते. लांब क्लबांची सगळी अडचण इथेच आहे. लॉफ्ट कमी केला की चेंडू वेगाने सुटतो, पण त्याची फिरकी कमी होते. जोरकस खेळाडूला फिरकीची उणीव वेगाने भरून काढता येते, मंद खेळाडूला नाही. समजा, एक जोरकस खेळाडू पाच, चार आणि तीन नंबरच्या आयर्नने अनुक्रमे १८०, १९२ आणि २०४ मीटर मारतो. मंद खेळाडूचे आकडे मात्र १३०, १३६ आणि १३७ असे निघतील. त्याचा तीन नंबरचा आयर्न चौदापैकी एक जागा अडवतो आणि एका मीटरखेरीज काहीच देत नाही. लॉफ्ट आडव्या अक्षावर आणि अंतर उभ्या अक्षावर घेऊन हे दोन आलेख विद्यार्थ्यांना काढायला सांगावे. दुसरा आलेख जिथे सपाट होतो तिथून पुढचे क्लब घरी ठेवायचे. मात्र क्लबवरच्या क्रमांकावर विसंबू नये. कोणत्या क्रमांकाला किती लॉफ्ट, हे कोणताही नियम ठरवत नाही. सत्तरच्या दशकात सात नंबरचा आयर्न सुमारे ३६ ते ३८ अंशांचा असे. आजच्या कित्येक संचांत तो ३० च्या आसपास असतो.

सर्वांत अवघड क्लब एक नंबरचा आयर्न. १९४९ च्या भीषण मोटार अपघातातून वाचलेल्या बेन होगनने पुढच्याच वर्षी मेरियन मैदानावर अमेरिकन ओपनच्या अखेरच्या होलवर तोच मारला आणि दुसऱ्या दिवशीची जादा फेरी जिंकून विजेतेपद मिळवले. त्या फटक्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. पण आम्हाला त्यामागचा हिशेब अधिक मोलाचा वाटतो. या मैदानावर सात नंबरच्या अंतराचा फटका लागतच नाही असे ठरवून होगनने तो क्लब पिशवीतून काढून ठेवला होता. सामान्य खेळाडूचा अनुभव मात्र वेगळा. १९७५ साली मैदानावर विजेचा झटका बसलेल्या ली ट्रेव्हिनोच्या नावावर एक विनोद सांगतात. वादळात सापडलात तर एक नंबरचा आयर्न आकाशाकडे धरा, कारण तो देवालासुद्धा मारता येत नाही!

आज हा क्लब जवळजवळ दिसेनासा झाला आहे. त्याची सुरुवात केली कार्स्टन सोल्हाइम या जनरल इलेक्ट्रिकमधल्या अभियंत्याने. वस्तुमान मध्यातून काढून कडांना ढकलले तर वस्तू फिरवणे जड जाते. मग चेंडू मध्यावर बसला नाही तरी क्लबचे डोके हातात फारसे वळत नाही. पुढे २००० नंतर हायब्रिड हे क्लब रूढ झाले. त्यांचा दांडा आयर्नसारखा आणि डोके छोट्या वुडसारखे असते. डोक्याचा गुरुत्वमध्य खाली आणि मागे, म्हणून तेवढ्याच लॉफ्टला चेंडू जास्त उंच जातो. २००४ साली टॉड हॅमिल्टनने ब्रिटिश ओपनच्या जादा होलांमध्ये एर्नी एल्सला हरवले, ते हायब्रिडने चेंडू जमिनीलगत घरंगळवत भोकाजवळ नेऊन. लांब पल्ल्याचा क्लब जवळच्या कामालाही आला, तर ती जागा दुप्पट उपयोगी पडते.

आणि मैदान बदलले की हिशेबही बदलतो. फिल मिकल्सनने २००६ साली ऑगस्टाच्या मास्टर्स स्पर्धेत एक सोडून दोन ड्रायव्हर नेले. एक चेंडू एका बाजूला वळवायला, दुसरा विरुद्ध बाजूला. ती स्पर्धा त्याने जिंकली. २०१३ साली स्कॉटलंडमध्ये मुइरफील्डला जमीन उन्हाने कडक झाली होती आणि चेंडू पडल्यावर खूप दूर घरंगळत जात होता. तिथे त्याने ड्रायव्हर नेलाच नाही. शेवटच्या दिवशी सतरावा होल, लांबी ५७५ यार्ड, समोरून वारा. तीन नंबरच्या वुडचे दोन फटके मारून तो हिरवळीवर पोहोचला, आणि ब्रिटिश ओपन तीन फटक्यांच्या फरकाने जिंकली.