साथीदारांचीं नांवें

इतिहासांत राजांचीं नांवें सांपडतात, पाथरवटांचीं सांपडत नाहींत. संगीताच्या इतिहासांतही हीच रीत चालत आली आहे. गवई स्मरणांत राहतो. तबलजी, सारंगिया आणि तंबोऱ्यावर बसलेला शिष्य हे मैफल उठली कीं विस्मृतींत जातात. ही रीत केवळ आपलीच नव्हे. विलायतेंतील एका जगद्विख्यात मंडळीच्या तीन तबकड्या पुढें ठेवून आम्ही तिचा थोडा विचार करणार आहों. कारण त्या तिन्हींत आपल्याकडील वादक बसलेले होते, आणि त्यांपैकीं कांहींचीं आडनांवें तर मराठी वाचकास घरचींच वाटतील.

ही मंडळी म्हणजे लिव्हरपूलचे बीटल्स. १९६५ सालच्या डिसेंबरांत निघालेल्या ‘रबर सोल’ या तबकडींत जॉर्ज हॅरिसन यानें प्रथम सतार वाजविली. पुढें त्यांच्या गायनास जें वळण लागलें त्यास ‘सायकेडेलिक’ म्हणतात. मनाच्या नेहमींच्या सीमा विरघळून जात आहेत असा भास उत्पन्न करणारें तें संगीत. याच वाटेनें पुढें प्रयोगशील ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ जन्मास आला. हा भास साधावयास फिती उलट्या फिरविणें, त्यांचीं कडीं करून तोच नाद पुनःपुन्हां ऐकविणें, असे यंत्राचे उपाय होतेच. परंतु त्यांच्या जोडीस तंबोराही आला. १९६६ च्या ऑगस्टांत निघालेल्या ‘रिव्हॉल्व्हर’मधील शेवटचें गीत जवळजवळ एकाच स्वराधारावर उभें आहे, आणि त्याखालून तंबोऱ्याचा अखंड नाद वाहतो. आपल्या गवयास जी गोष्ट श्वासासारखी सहज, ती तेथें मोठी क्रांति ठरली.

याच तबकडींतील ‘लव्ह यू टू’ या गीतांत तबला वाजविला तो अनिल भागवत यांनीं. लंडनमधील ‘एशियन म्युझिक सर्कल’ या संस्थेच्या अंगडी यांनीं त्यांस बोलाविलें. हॅरिसननें सोळा मात्रांच्या तालाची इच्छा सांगितली, आणि पुढचें वादकाच्या उपजेवर सोंपविलें. म्हणजे जें आपण ऐकतों त्यांतील पुष्कळसें भागवतांच्या बोटांनीं त्या घटकेस रचलेलें आहे. समाधानाची गोष्ट ही कीं, तबकडीच्या वेष्टनावर त्यांचें नांव छापलेलें आहे.

पुढील वर्षीं, १९६७ च्या जूनमध्यें, ‘सार्जंट पेपर’ निघाली. तींतील ‘विदिन यू विदाउट यू’ या गीतांत हॅरिसनवांचून इतर तिघे बीटल्स मुळींच नाहींत. दिलरुब्यावर अण्णा जोशी व अमृत गज्जर, तंबोऱ्यावर बुद्धदेव कन्सारा, तबल्यावर नटवर सोनी. शिवाय विलायती तंतुवाद्यें. या तबकडीचें मुखपृष्ठ तर जगप्रसिद्ध. त्यावर नामांकित चेहऱ्यांची जी गर्दी आहे तींत परमहंस योगानंदांसह चार हिंदी योगी आहेत. मागील बाजूस गीतांचे शब्दही छापले आहेत. परंतु त्या चार वादकांपैकीं एकाचेंही नांव नाहीं! तीं पुढें संशोधकांनीं उजेडांत आणलीं. योग्यांचे चेहरे शोभेस चालले. दिलरुबा छेडणारा जोशी मात्र निनांवी राहिला.

तिसरी कथा मुंबईची. ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या संगीतासाठीं हॅरिसन १९६८ च्या जानेवारींत मुंबईस आला, आणि एच.एम.व्ही.च्या ध्वनिमुद्रणगृहांत त्यानें आपल्या वादकांस बसविलें. तेथें बाहेरील आवाजाचा बंदोबस्त नव्हता. बारकाईनें ऐकल्यास रस्त्यावरील टॅक्सी ऐकूं येतात, असें तो स्वतःच पुढें सांगत असे. सरोदेवर आशीष खां, संतुरावर शिवकुमार शर्मा, बांसरीवर एस. आर. केंकरे, हार्मोनियम व तबलातरंगावर रिजराम देसाड अशी ती जमात होती. उरलेलें काम विलायतेंत झालें. नोव्हेंबरांत ही तबकडी बाहेर पडली. बीटल्सपैकीं एकट्यानें काढलेला हा पहिला संग्रह, आणि त्यांच्या ‘ॲपल’ कंपनीची ही पहिलीच मोठी तबकडी. येथें मात्र मुंबईच्या वादकांचीं नांवें वेष्टनावर आलीं.

कोणी म्हणेल, नांवें छापल्यानें संगीत अधिक गोड होतें काय? होत नाहीं. परंतु नांव गेलें कीं कर्तृत्वही जातें. मग टीकाकार लिहितो कीं, या गीतास ‘हिंदी रंग’ दिला आहे. जणूं तो रंग डबींतून काढून फांसावयाचा होता! वस्तुतः तो रंग म्हणजे कोणा एका माणसाची अनेक वर्षांची तालीम होती. नांव हें त्या तालमीचें प्रमाणपत्र होय.

विलायतेस दोष देणें सोपें आहे. आमच्या आष्ट्याहून मिरज फार दूर नाहीं. हत्यारांस धार लावणाऱ्या शिकलगारांनीं तेथें एकोणिसाव्या शतकांत सतार-तंबोरे घडविण्यास आरंभ केला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडील भोपळा आणि तुणीचें लांकूड यांतून त्यांनीं नाद काढला. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें, हें योग्यच झालें. त्यायोगें गांवाचें नांव राखलें गेलें. कारागिराचें नांव राखणें हें काम अद्याप आपल्याकडेच आहे. ज्या तंबोऱ्यावर आपल्या घरांतील मुलगी रोज षड्ज लावते, तो कोणाच्या हातचा, हें किती घरांत ठाऊक असतें? आणि गांवच्या उत्सवांतील गायनाच्या हस्तपत्रिकेवर साथीदारांसाठीं किती ओळी राखलेल्या असतात? एक ओळ छापावयास फारसा खर्च येत नाहीं. ती न छापल्याची किंमत मात्र पुढच्या इतिहासकारास मोजावी लागते.