खडी, खाडी आणि सायकल

परभणीहून समुद्र सरळ रेषेत सुमारे ४०० किलोमीटर लांब आहे. सायकलिंगच्या रीलमध्ये जो रस्ता दिसतो, म्हणजे एका बाजूला लाल कडा, खाली निळं पाणी आणि मधून वळत जाणारं डांबर, तो बहुतेक वेळा रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाताना लागणारा आरे-वारेचा असतो. परभणी-गंगाखेड रस्त्याचं रील कुणी करत नाही. तिथे कापूस असतो, सोयाबीन असतं, बाभळी असतात आणि सरळसोट रस्ता असतो. नोकरीला लागल्यावर पुण्याच्या मित्रांसोबत मी कोकणचा रस्ता सायकलनं केला. परभणीचे रस्ते सुट्टीत घरी आलो की एकट्यानं करतो. दोन्हीकडे एकच प्रश्न पडत राहिला : हा रस्ता इथे आला कसा?

सुरुवात रस्त्याखालच्या दगडापासून करू. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हारसाचे थरावर थर साचले. त्यातून झालेला काळा बेसॉल्ट परभणीतही आहे आणि कोकणातही. परभणीकडे पाऊस बेताचा, म्हणून तो झिजून कापसाची काळी माती झाली. कोकणात पाऊस त्याच्या तीन-चार पट. तिथे दगडातले विरघळणारे घटक वाहून गेले, लोह मागे राहिलं आणि जांभा तयार झाला. आरे-वारेचा लाल कडा आणि गंगाखेडचं काळं रान एकाच दगडाची लेकरं आहेत. सायकलवाल्याला हा फरक पुस्तकाआधी चाकाला कळतो. पावसाळ्यात परभणीच्या गाडीवाटेवर गेलात, तर काळा चिखल मडगार्डमध्ये असा बसतो की चाकच फिरत नाही. मग उतरून काटकीनं तो खरवडायचा आणि पुढे जायचं.

चाकाखाली पक्की जमीन हवी, ही मागणी जोरात लावून धरणाऱ्यांत सायकलवाले मोटारींच्या आधीपासून होते. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्लीनं आजच्यासारखी दोन सारख्या चाकांची सायकल बाजारात आणली आणि १८८८ मध्ये डनलॉपचं हवेचं टायर आलं. अमेरिकेत सायकलस्वारांची संघटना १८८० मध्येच उभी राहिली होती. तिनं चांगल्या रस्त्यांसाठी चळवळ चालवली. रस्ता कसा करायचा ते त्याआधीच ठरलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन मॅकॅडम या स्कॉटिश माणसानं सांगितलं, की खाली मोठाले धोंडे रचू नका. हाताएवढ्या हातोडीनं फोडलेली बारीक, एकसारखी खडी पसरा, ती एकमेकीत घट्ट बसते. ही खडी बसून फोडता येते, त्यामुळे कमी ताकदीच्या माणसालाही हे काम देता येतं. हे वाक्य लक्षात ठेवा. दीडशे वर्षांनी ते मराठवाड्यात येणार आहे.

परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज रेल्वे झाली आणि परभणी, मानवत, सेलू, पूर्णा तिच्यावर आले. कापसाला वाट मिळाली. निजामानं १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनी सरकारी बससेवा सुरू केली. पण स्टेशनपासून गाव आणि गावापासून शेत ही वाट बैलगाडीचीच राहिली. पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली ती १ जून १९४८ ला. त्या दिवशी परभणी अजून निजामाकडेच होती. १७ सप्टेंबर यायला साडेतीन महिने होते. मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. रस्त्यांचा अनुशेष सोबत घेऊनच आला.

तो भरायला सुरुवात झाली ती एका दुष्काळात. १९७२ ला पाऊस गेला. जुनी माणसं सांगतात, विहिरीत थोडंफार पाणी होतं, पण कणगीत दाणा नव्हता. सरकारनं दुष्काळी कामं काढली : पाझर तलाव, नालाबांध, रस्ते आणि खडी केंद्रं. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात या कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. वि. स. पागे यांनी आधीपासून मांडलेली, मागेल त्याला काम देण्याची कल्पना या काळात राज्यभर उभी राहिली. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा मंजूर झाला, १९७९ मध्ये तो लागू झाला आणि २००५ मध्ये देशानं तसाच कायदा केला. हे सगळं स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत असतं. खडी फोडणाऱ्या बायकांचे हात नसतात.

माझी आजी जिंतूरकडच्या एका केंद्रावर होती. ती सांगते, की बोटांना चिंध्या बांधायच्या, कारण हातोडी दगडापेक्षा बोटावर जास्त बसायची. कपची डोळ्यात उडायची. लेकरू बाभळीखाली झोळीत. मुकादम ढीग मोजायचा, मस्टरवर अंगठा घ्यायचा. सुकडी मिळायची, ती आधी लेकरांना. तिनं फोडलेल्या खडीतली काही पुढे कितीतरी वर्षं तशीच कडेला पडून होती, उरलेली रस्त्यात गेली. मी विचारलं, मग त्या रोडवरून तू कधी गेलीस? ती म्हणाली, “गेले की. पायीच. रोड झाला म्हनून गाडी थोडीच झाली आमच्याकडं.”

कोकणाची गोष्ट उलटी आहे. तिथे समुद्र हाच रस्ता होता. गलबतं होती, मग आगबोटी आल्या. मुंबईचा चाकरमानी भाऊच्या धक्क्यावर बोटीत बसायचा आणि आपल्या बंदरात उतरायचा. या वाटेनं माणसं नेली तशी बुडवलीही. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. जमिनीवरून किनाऱ्याकिनाऱ्यानं जायचं, तर दर थोड्या अंतरावर खाडी आडवी येते : सावित्रीची बाणकोट खाडी, वाशिष्ठीची दाभोळ खाडी, शास्त्रीची जयगड खाडी. तरीत बसून पलीकडे जायचं आणि पुढचा सडा चढायचा. रेवस ते रेडी सागरी महामार्गाची कल्पना १९८० ते १९८२ या काळात मुख्यमंत्री असलेल्या बॅ. अंतुले यांच्या नावाशी जोडली जाते. तरीही दाभोळ-धोपावेला सायकल अजून फेरीबोटीत चढवावी लागते. स्ट्राव्हावरचा कोकणचा आलेख करवतीच्या दातांसारखा दिसतो; त्यातला प्रत्येक खालचा दात म्हणजे एक खाडी. परभणीचा आलेख जवळजवळ सपाट. तिथली चढण मस्टरवर होती.

म्हणून ‘सुंदर रस्ता’ आणि ‘कंटाळवाणा रस्ता’ ही वाटणी मला आता तितकीशी पटत नाही. सायकलच्या इतिहासात आपल्याला नावं ठाऊक असतात ती निघालेल्यांची. १९२३ मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण जगप्रदक्षिणेला निघाले. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा यांनी ती १९२८ मध्ये पूर्ण केली. त्यांचं नाव राहायलाच हवं. पण आमच्या धंद्यात ‘गिट ब्लेम’ नावाची आज्ञा असते : कोडची कुठलीही ओळ दाखवा, ती कुणी, कुठल्या तारखेला लिहिली ते कळतं. रस्त्याला अशी सोय नाही. उद्घाटनाच्या कोनशिलेवर मंत्र्याचं नाव असतं. गंगाखेडच्या जनाबाईचं दळण-कांडण सातशे वर्षं लोकांच्या ओठांवर राहिलं, कारण तिनं ते स्वतः गायलं. खडी केंद्रावरच्या बायका गायल्या असतील, तर ते कुणी लिहून घेतलं?

आता परभणीसाठी नवे रस्ते आखले जात आहेत. जालना-नांदेड द्रुतगती मार्ग जिल्ह्यातून जाणार आहे. पवनार ते पत्रादेवी अशा सुमारे ८०० किलोमीटरच्या शक्तिपीठ महामार्गाच्या आराखड्यातही परभणीचं नाव आहे. पत्रादेवी म्हणजे सिंधुदुर्गाचं टोक, गोव्याची वेस. तो झाला तर काळं रान आणि जांभ्याचा मुलूख एका रस्त्यानं जोडले जातील. त्यासाठी जमीन द्यायला अनेक ठिकाणच्या शेतकऱ्यांचा विरोध आहे. आणि समृद्धी महामार्गावर सायकलला मनाई आहे, तशी ती इथेही असेल असं धरून चालायला हरकत नाही. मानव विकास कार्यक्रमात मिळालेल्या सायकलवरून शाळेत जाणारी आठवीतली मुलगी या रस्त्याखालच्या बोगद्यातून पलीकडे जाईल. तिचा रस्ता जुनाच राहील, आजीच्या खडीचा.

बहात्तरला विशीत असलेल्या बायका आज सत्तरीच्या पुढे आहेत. कागदाची मस्टरं कुठे गेली असतील ते सांगायला नको. पुढच्या वेळी जिंतूर, पाथरी किंवा गंगाखेडकडे सायकल काढलीत, तर पाणी प्यायला थांबाल त्या ओट्यावर एखादी आजी बसलेली असेल. हा रोड कुणी केला, एवढंच तिला विचारा. फोनचा रेकॉर्डर चालू करा. नाव सांगितलं तर तेही लिहून घ्या, गावासकट.