मिस फेरार, जोतीराव आणि आपली शाळा

आपल्या वर्गात ख्रिस्ती घर एकच होते, आमचे. नाताळच्या करंज्या आणल्या की पाच मिनिटांत डबा रिकामा व्हायचा, हे बऱ्याच जणांना आठवत असेल. आई सरकारी परिचारिका, नगरकडून बदलीने इकडे आलेली. नातेवाईक तिला सांगत, "पोरीला नगरला मिशनच्या शाळेत घाल. बोर्डिंग आहे, आपली माणसं आहेत." आई म्हणायची, "या गावच्या पोरांना मी डोस पाजते, आणि माझी पोर त्यांच्या शाळेत नको?"

स्मरणिकेच्या निमित्ताने आईचे हे वाक्य पुन्हा आठवले आणि मी थोडे वाचले. (इतिहासात मी काठावर पास होत असे, हे गुरुजी विसरले नसतील.)

अमेरिकन मराठी मिशन 1831 मध्ये नगरला आले. सिंथिया फेरार ही अविवाहित शिक्षिका 1827 मध्ये मुंबईत उतरली, 1839 पासून नगरला मुलींच्या शाळा चालवू लागली आणि 1862 मध्ये तिथेच वारली. जोतीराव फुल्यांनी तिची शाळा पाहिली. ते स्वतः पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. 1848 मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे नगरला फेरारबाईंकडे आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्याकडे घेतले. मला यातली एकच गोष्ट मोठी वाटते: फुल्यांची शाळा मिशनची नव्हती. दुसऱ्याच्या शाळेसाठी शिक्षिका तयार करताना या बायकांनी हात आखडता घेतला नाही.

पुढची गोष्ट आम्हा ख्रिस्ती लोकांना जरा अडचणीची आहे. 1854 च्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचे धोरण आणले होते. ते नीट पाळले जात नाही, सरकार स्वतःच शाळा चालवत बसते, अशी तक्रार मिशनऱ्यांच्या बाजूने इंग्लंडात जोरात झाली. 1882 मध्ये हंटर आयोग बसला. त्याच्यापुढे फुल्यांनी निवेदन दिले. मिशनच्या शाळेत शिकलेला हा माणूस म्हणाला की सरकारने शाळांतून अंग काढून घेऊ नये. मिशनच्या काही शाळा चांगल्या चालतात हे त्यांनी मान्य केले, पण सरकारी शाळांत येतात त्याच्या निम्मीही मुले तिथे येत नाहीत, असेही सांगितले. इलाख्यातल्या दहापैकी नऊ गावांत शाळाच नाही. शेतकऱ्याकडून लोकल फंड घेता, तर त्यातला निम्मा प्राथमिक शिक्षणावर खर्च करा. निदान 12 वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करा. आणि शिक्षक कसे हवेत? नांगर किंवा सुताराचे वाकस हाती धरायला न लाजणारे. गुरुजींनी आपल्याबरोबर मैदानातले दगड उचलले होते, ते मला इथे आठवले.

आपला राजगड-तोरण्याचा मुलूख तेव्हा भोर संस्थानात होता. संस्थान 1948 मध्ये विलीन झाले, जिल्हा परिषदा 1962 मध्ये आल्या. आपण ज्या पाटीखालून रोज आत गेलो, तिच्यावरचे नाव एवढे अलीकडचे आहे.

2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विषय राज्यात निघाला, तेव्हा वरच्या वाड्यांतल्या चिमुकल्यांचे पाय डोळ्यांपुढे आले. ओढा भरला की ती दुसऱ्या गावाला कशी जाणार? पण बोलायला तोंड नव्हते. माझी दोन्ही मुले पुण्यात भरपूर फी घेणाऱ्या शाळेत शिकली. आईने मला याबद्दल एकदाही टोचले नाही. ते जास्त लागले.

मागच्या वर्षी आमच्या चर्चमध्ये मी आपल्या शाळेच्या संगणकांसाठी वर्गणी मागितली. एका काकांनी विचारले, "तिथे आपली मुलं किती?" मी म्हणाले, "माझ्या वेळी एक होती." बाकीच्यांची गणती आईने कधी अशी केली नव्हती, हे मात्र बोलायचे राहिले. काकांनी पैसे दिले. दोन संगणक आले, तिसऱ्याचे पैसे जमलेत. मेळाव्याला येताना तो घेऊन येते. वायरिंग पाहायला कोणीतरी लवकर या, मला शिडीवर चढता येत नाही.