आधीच खूण केलेली चौकट

जाहिराती अडवणाऱ्या ॲडब्लॉक प्लस या ब्राउझर-साधनाच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी होतो आणि तो वरकरणी समंजस वाटतो. सगळ्याच जाहिराती अडवल्या तर छोट्या संकेतस्थळांनी खायचं काय? म्हणून डोळ्यांना न खुपणाऱ्या जाहिराती येऊ द्याव्यात. ॲडब्लॉक प्लस बनवणाऱ्या कोलोनच्या ‘आयओ’ कंपनीने २०११ पासून अशा ‘स्वीकारार्ह जाहिरातीं’ना वाट दिली आहे. छोट्यांकडून ती काही घेत नाही आणि ज्याला नको त्याने ही सोय बंद करावी. मग हितसंबंधांचा प्रश्न आला कुठे?

छोट्यांना माफी आहे, हे खरंच. पण या सोयीमुळे ज्यांच्या जाहिराती महिन्याला एक कोटीहून जास्त वेळा जादा दिसतात, त्यांच्या वाढीव उत्पन्नातला साधारण ३० टक्के वाटा कंपनी घेते. कुंपण शेत खात नाही, कबूल. मोठी गुरं आत सोडण्याचे पैसे मात्र घेतं.

आता निकष बघा. जाहिरात मजकुराच्या मध्येच नको, तिच्यावर तसं लिहिलेलं हवं, पान उघडताच दिसणाऱ्या भागातली १५ टक्क्यांहून जास्त जागा तिने खाऊ नये. सगळी मोजमापं डोळ्यांच्या त्रासाची. वाचकावरच्या पाळतीचं काय? त्यासाठी सेटिंग्जमध्ये निराळी चौकट आहे: तिऱ्हाइताची पाळत नसलेल्या जाहिरातीच येऊ द्या. स्वीकारार्ह जाहिरातींच्या चौकटीत बरोबरची खूण आधीच केलेली असते. पाळतीची चौकट कोरी. खासगीपणासाठी हे साधन घेणाऱ्याला हवी त्याच्या नेमकी उलटी मांडणी! ‘नको त्याने बंद करावी’ म्हणणं सोपं आहे, पण कंपनीची मिळकत टिकते ती बहुतेकांनी सेटिंग्ज न उघडण्यावरच.

निकष २०१७ पासून वेगळी समिती ठरवते, हेही सांगितलं जातं. ठरवू दे, पैसे जायचे तिथेच जातात. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १९ एप्रिल २०१८ रोजी ॲक्सेल स्प्रिंगर या प्रकाशकाविरुद्ध कंपनीच्या बाजूने निकाल दिला, तोही पुढे केला जातो. तिथला वाद अनुचित स्पर्धेचा, प्रकाशक आणि कंपनी यांच्यातला. वापरकर्ता त्यात पक्षकारच नव्हता.

रेमंड हिल यांचं यूब्लॉक ओरिजिन हे असंच जाहिराती अडवणारं साधन देणग्यासुद्धा मागत नाही. सगळ्यांनी तसं फुकट राबावं, असं म्हणणं अन्यायाचं होईल. पैसे घ्यावेत, पण वापरणाऱ्याकडून उघडपणे. तेही जमत नसेल, तर जाहिरातींना वाट देणारी चौकट कोरी ठेवून, साधन बसवतानाच त्याला विचारावं.